रस्त्यात बसणारी गाडी

माझा स्वभाव तापट आहे हे आधीच सांगून टाकते. नरडाण्याच्या पश्चिमेला, मोठ्या रस्त्यापासून बरंच आत असलेल्या एका गावी मी डॉक्टर म्हणून गेले, तेव्हा पहिल्या आठवड्यातच गावाने माझं निदान करून ठेवलं होतं. "बाई हातनी चांगली शे, पन तोंडनी तिखट शे." निदान बरोबर होतं, त्यामुळे मी वाद घातला नाही.

दवाखाना गावातल्या एका मारवाडी व्यापाऱ्याने आपल्या आईच्या आठवणीसाठी बांधलेला. दोन खोल्या, पुढे ओसरी, आणि आसपासच्या खेड्यांत जाण्यासाठी एक दमणी, म्हणजे छोटी हलकी बैलगाडी, नि बैलजोडी. दमणी हाकायला पन्नाशीचे एक गृहस्थ होते. मी त्यांना भाऊ म्हणायची, ते मला बाई म्हणायचे. बैल दोन्ही देखणे, पण दमणीतून बाळंतपणाला पोहोचेपर्यंत बाळ रांगायला लागतं की काय, अशी मला धास्ती असायची. शेवटी जळगावहून माझ्या वडिलांनी त्यांची जुनी विलायती मोटार मला देऊन टाकली. स्वातंत्र्याच्या आधीची, काळी, पाठीला पोक आलेली. मेहरूणच्या तलावाकाठी याच गाडीवर मी चालवायला शिकले होते. गाडी आली आणि शेठजींनी बैलजोडी विकून टाकली. त्या दिवशी भाऊ जेवले नाहीत, असं त्यांच्या बायकोने मला नंतर सांगितलं. मग मी त्यांना गाडी चालवायला शिकवली. थोड्याच दिवसांत ते माझ्यापेक्षा बरी चालवायला लागले, फक्त ब्रेक दाबताना तोंडाने "हो, हो" म्हणायची सवय काही गेली नाही.

पहिलं वर्षभर गाडीने कसली कुरकुर केली नाही. दुसऱ्या वर्षी, १९७० साल लागायला अजून थोडा अवकाश होता तेव्हाची गोष्ट, पोळ्याच्या दिवशी सकाळी मी ओसरीवर आले आणि बघतच राहिले. भाऊंनी गाडी धुऊन पुसून उभी केली होती आणि बैलांच्या शिंगांना लावायच्या लाल ऑइलपेंटने ती रंगवली होती. बंपरची दोन्ही टोकं लाल, दिव्यांच्या कडा लाल, दारांच्या मुठी लाल, मागच्या बाजूला पेट्रोलच्या टाकीचं बाहेर आलेलं गोल झाकणही लाल. बॉनेटवर विकलेल्या बैलांची घुंगरमाळ होती. भाऊंची बायको पुरणपोळी घेऊन उभी, आणि पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आलेली त्यांची लेक पोट सावरत गाडीला ओवाळत होती.

"बाई, गोठा सुना दिखे," भाऊ म्हणाले. "मंग म्हनं, हाई बी ते आपला बैलच शे."

ओठावर आलेलं मी गिळलं. एवढ्या चांगल्या काळ्या रंगाची माती केली, असं म्हणणार होते. पण त्यांच्या चेहऱ्याकडे बघून मी पुरणपोळीचा तुकडा तोडला.

"हाई बैल डिरकस नही, पीपी करस," लेक म्हणाली आणि स्वतःच खळखळून हसली. त्या पोरीच्या तोंडाची टकळी दिवसभर चालू असायची. तपासताना तिला जीभ दाखव म्हटलं तरी ती जीभ बाहेर ठेवून बोलत राही.

त्यानंतर काही दिवसांनी गाडी पहिल्यांदा रस्त्यात बसली.

छान चालत असायची. मग एकदम अडखळायची, दोन-चार गचके द्यायची आणि गप्प व्हायची. भाऊ उतरायचे. पेट्रोलचा काटा कधीचाच मेलेला होता, म्हणून ते आधी मागे जाऊन झाकण काढायचे आणि सोललेली लिंबाची काडी टाकीत बुडवून बघायचे. पेट्रोल असायचंच. मग झाकण लावून पुढे यायचे, बॉनेट उघडायचे, पेट्रोलपंपावर ओलं फडकं ठेवायचे, वायरी हलवायचे, कुठे फुंकर मारायचे. थोड्या वेळाने हँडल मारलं की गाडी सुरू! काही मैल जायची आणि पुन्हा बसायची. कधी आठवडाभर काहीच नाही, कधी एका खेपेत दोनदा.

मला याचा फार संताप यायचा. रोगी एकाच वेळी वैद्याचा काढा, भगताचा अंगारा आणि माझ्या गोळ्या घेतो आणि बरा झाला की श्रेय अंगाऱ्याला देतो, तसं आमचं चाललं होतं. आधी आम्ही पावसाला दोष दिला, वायरी ओल्या होत असतील म्हणून. पाऊस संपला तरी गाडी बसत राहिली. मग उन्हाला दोष दिला. तेव्हा ओलं फडकं हा रामबाण ठरला, कारण फडकं ठेवलं की गाडी सुरू होत होती. फडकं विसरलो त्या दिवशीही ती सुरू झाली, तेव्हा फुंकरीवर विश्वास बसला. खेड्यांत माझ्याबरोबर येणाऱ्या सुईणबाईंच्या लक्षात एक गोष्ट आली होती. टाकी भरलेली असली की गाडी लवकर बसते. "पोट भरनं की तिले काम नको वाटस," असं त्या म्हणायच्या आणि आम्ही सगळे हसायचो.

धुळ्याच्या एका मेकॅनिककडे गाडी दोन दिवस ठेवली. भला माणूस होता. त्याने टाकी काढून धुतली, कार्बोरेटर उघडला, पंपाचा पडदा बदलला आणि पांझरेच्या पुलापर्यंत चार फेऱ्या मारून दाखवल्या. गाडी एकदाही थांबली नाही. परतताना मात्र सोनगीरच्या पुढे आली आणि बसली. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, दुसरं काय! मेकॅनिक म्हणाला होता, "बाई, गाडीत दोष नाही, चालवणाऱ्याला बघा." मला तेवढं निमित्त पुरलं. क्लचवर पाय ठेवता का, गिअर उशिरा बदलता का, असं म्हणून मी भाऊंना रोज फैलावर घ्यायला लागले. ते मान खाली घालून ऐकायचे. गावातली पोरं गाडीला बसका बैल म्हणायला लागली होती.

दिवाळी झाली आणि लेकीचे दिवस भरत आले. भाऊ एकदा हळूच म्हणाले, "बाई, पोरना टायमाले हाई बसनी ते?"

"पोर घरी नीट बाळंत होईल," मी म्हटलं. "मी आहे ना. गाडी लागायचीच नाही."

बाळंतपण नीट झालंही. सकाळी मुलगी झाली, चांगली सणसणीत रडली. सुईणबाईंनी तिला न्हाऊ घातलं, आजीने मांडीवर घेतलं. मी हात धुऊन चहाचा कप तोंडाला लावते तोच सुईणबाईंनी आतून हाक मारली. त्यांच्या आवाजावरूनच मी समजले.

रक्त थांबत नव्हतं. वारेचा तुकडा आत राहिला होता. मी इंजेक्शन दिलं, पोट चोळून चोळून गर्भाशय आवळून धरला, तेव्हा धार कमी झाली, पण थांबली नाही. पोरीची नाडी बोटाखालून निसटत होती. तिला रक्त भरायला हवं होतं आणि आत हात घालून तो तुकडा काढायला हवा होता, आणि दोन्ही गोष्टी धुळ्याच्या सरकारी दवाखान्यातच होणार होत्या. मी हातात सुई घालून सलाइन लावलं. बाळाला आजीजवळ ठेवलं. पोरीला मागच्या सीटवर निजवलं, बाटली दाराच्या वरच्या पट्ट्याला बँडेजने बांधली आणि मी तिच्या पोटावर मूठ दाबून खाली अवघडून बसले. भाऊ चालवायला बसले. काळजीपोटी त्यांनी आदल्या संध्याकाळीच टाकी गळ्यापर्यंत भरून ठेवली होती.

"बाई, बसनी ते?" त्यांनी मागे न बघता विचारलं.

"चला," मी म्हटलं. मी देवाचं नाव सहसा घेत नाही, त्या दिवशी घेतलं.

मोठ्या रस्त्यापर्यंतची वाट कच्ची होती. दोन्ही बाजूंना कापूस फुटलेला, वर ऊन, आणि गाडीमागे पांढऱ्या धुळीचा लोट. पोरगी माझ्याकडे बघत होती. मी तिला बोलतं ठेवायचा प्रयत्न केला. "बाळ कुणासारखं आहे गं? नाक तर तुझ्या आबांचं दिसतंय." भाऊंना ती आबा म्हणायची. एरवी तिने एका वाक्याला दहा वाक्यं दिली असती. आता तिचे ओठ नुसते हलले.

निम्मी वाटही झाली नसेल, गाडी अडखळली. दोन गचके दिले आणि गप्प झाली.

भाऊ उडी मारूनच उतरले. टाकी भरलेली आहे हे त्यांना पक्कं ठाऊक होतं, त्यामुळे काडी बुडवत बसायचं कारण नव्हतं. ते थेट पुढे धावले, बॉनेट उघडलं, मडक्यातलं पाणी फडक्यावर ओतलं, वायरी हलवल्या, हँडल मारलं. काही नाही. पुन्हा मारलं. काही नाही. बऱ्याच वेळाने इंजिन फुरफुरलं, आम्ही शे-दोनशे पावलं गेलो असू, आणि पुन्हा बंद. तिसऱ्या वेळी तर ती जागची हलेना. भाऊ हँडल मारत होते, प्रत्येक फेऱ्याला तोंडाने काहीतरी बोलत होते, आणि माझ्या मुठीखाली पोट पुन्हा सैल पडत होतं. सीटवर अंथरलेली गोधडी ओली व्हायला लागली होती.

समोरून कापसाची एक बैलगाडी आली. गाडीवान थांबला, आत डोकावला आणि त्याने काही न विचारता कापसात जागा करायला सुरुवात केली.

भाऊ खिडकीशी आले. "बाई, पोरले बैलगाडीमा टाकूत."

"वेड लागलंय का?" मी ओरडले. "या रस्त्याने बैलगाडीत हादरे बसले तर उरलंसुरलं रक्त जाईल. आणि मोठ्या रस्त्याला लागेपर्यंत दिवस मावळेल!"

"आन् आठे बसीसन काय हुई?" भाऊही माझ्यावर ओरडले. इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्यांनी माझ्यावर आवाज चढवला होता, आणि ते बरोबर होते. इथे बसून पोरगी मरणार होती. बैलगाडीत घातली तर वाटेत मरणार होती. यातलं कुठलं निवडायचं, एवढंच माझ्या हातात होतं. मला तेव्हा भीती वाटली. डॉक्टर झाल्यापासून एवढी भीती कधी वाटली नव्हती.

"घ्या," मी म्हटलं. "आणा गाडी जवळ."

हलवण्याआधी सलाइनची बाटली सोडायला मी हात वर केला आणि पाहिलं, तर थेंब पडत नव्हता. बाटली अर्धी भरलेली होती. हातातली सुई जागेवर होती, नळीला पीळ नव्हता. तेव्हा बाटल्या काचेच्या असायच्या, बुचातून दोन सुया खुपसाव्या लागत. एका सुईतून औषध खाली उतरतं, दुसरीतून बाटलीत हवा जाते. हवेच्या सुईवर आम्ही कापसाचा बोळा ठेवायचो. रस्त्याच्या हादऱ्यांनी तो बोळा भिजून सुई बुजली होती. मी ती उपसली आणि डब्यातली दुसरी खुपसली. बाटलीत बुडबुडे चढले, गुडगुड आवाज झाला आणि खाली थेंब पडायला लागले, टप टप टप.

मी त्या बुडबुड्यांकडे बघत राहिले. आत हवा जाणार नसेल तर बाहेर थेंब येणार कसा? हे मी नर्सबाईंना शेकडो वेळा सांगितलं असेल. टाकीचंही तेच नाही का? पेट्रोल ओढलं जातं, मागे पोकळी राहते, आणि हवेला वाट नसेल तर पंप ओढून ओढून थकतो. गच्च भरलेल्या टाकीत हवा मुळातच कमी, म्हणून ती लवकर बसते. आणि आजवर ती सुरू कशाने होत होती? फडक्याने नाही, फुंकरीने नाही. भाऊ आधी झाकण काढून काडी बुडवायचे त्याने! आज तेवढंच केलं नव्हतं.

"भाऊ! टाकीचं झाकण काढा."

ते बैलगाडीतला कापूस दाबत होते. "टाकी भरेल शे, बाई. मी कालदिनच..."

"मी सांगते ते करा! झाकण काढा!"

ते मागे गेले. झाकण फिरवलं, आणि मला आत बसूनही तो आवाज ऐकू आला. सूंऽऽ करून टाकीने हवा आत ओढली. कुणीतरी बराच वेळ पाण्याखाली राहून वर यावं, तसा. बैलगाडीवाला दचकून मागे सरकला.

"आता हँडल मारा."

पहिल्या वेळी नुसतंच फुरफुरलं. दुसऱ्या हँडलला इंजिन सुरू झालं आणि चालू राहिलं.

"झाकण मला दाखवा," मी म्हटलं. भाऊंनी ते खिडकीतून पुढे केलं. माझा एक हात पोरीच्या पोटावर होता, म्हणून त्यांनीच ते तळहातावर धरलं. वर लाल रंगाचा जाड थर वाळून टणक झाला होता. हवेसाठी झाकणाला बारीक भोक असतं हे मला वडिलांनी कधीतरी सांगितलं होतं, पण ते कुठे आहे हे दिसतच नव्हतं. मी मघाची उपसलेली सुई घेतली आणि मधोमध टोचत गेले. रंगाचा एक टवका उडाला, मग दुसरा, आणि खाली भोक सापडलं. सुई आरपार गेली. लाल टवके भाऊंच्या तळहातावर पडले होते. भाऊ त्या टवक्यांकडे बघत राहिले, आणि मी त्यांच्याकडे बघायचं टाळलं.

"लावा ते आणि चला," मी म्हटलं.

त्यानंतर गाडी कुठेच बसली नाही. नरडाणा गेलं, सोनगीर गेलं. मला फक्त त्यांची मान दिसत होती, आणि त्या मानेवरचा घाम मी धुळं येईपर्यंत बघत होते. पोरीने डोळे मिटले होते. मी दर थोड्या वेळाने तिच्या गालावर थापट्या मारत होते, नाडी शोधत होते, सापडली की पुन्हा पोट दाबत होते.

दवाखान्यातल्या लोकांनी वेळ घालवला नाही. तिला आत नेलं, रक्ताचा गट बघितला. भाऊंचा जुळला. "बठ्ठं काढी ल्या," असं ते तिथल्या एका पोऱ्यासारख्या दिसणाऱ्या डॉक्टरला म्हणत होते, आणि तो बिचारा त्यांना समजावत होता की तेवढं लागत नाही, घेतही नाहीत. मी मदतीला आतच थांबले. तुकडा निघाला. रक्त थांबलं. शुद्धीवर आली की जिंकलो, असं तिथल्या डॉक्टरबाई म्हणाल्या. किती वेळात येईल ते कुणीच सांगेना.

मी बाहेर आले तेव्हा ऊन कलत होतं. भाऊ व्हरांड्यात वॉर्डाच्या खिडकीखाली भिंतीला टेकून बसले होते. कुणीतरी दिलेला चहा आणि पाव शेजारी तसाच पडलेला. चहावर साय धरली होती.

"तुकडा निघाला," मी म्हटलं. "शुद्धीवर यायची आहे."

त्यांनी मान हलवली. मग म्हणाले, "बाई, तो रंग मी दिधा व्हता."

"माहीत आहे."

"दोन हात दिधात. एक हातमा पक्का बसस नही म्हनीसन."

मी शेजारच्या चहाकडे बघितलं. ते माझ्याकडे वर बघत होते. "तुम्ही मले कावत काब्र नही, बाई? रोज ते कावतस. आज काब्र नही?"

कावणं म्हणजे रागावणं. इतके दिवस मी त्यांना जे केलं नाही त्यासाठी रागावत होते, आणि आज खरं कारण असताना माझ्या तोंडून शब्द निघत नव्हता. माझ्या गप्प राहण्याने हा माणूस आतून पार खचत चालला होता, हे मला तेव्हा कळलं. आणि मग मला खराच राग आला, चहाचा, रंगाचा, सगळ्याचाच.

"तो चहा का नाही घेतला?" मी ओरडले. "रक्त देऊन उपाशी बसलात ते? भोवळ येऊन पडलात तर तुमच्यासाठी वेगळी खाट मागू का? आणि रंग, रंग काय लावून धरलंय! एवढं लालभडक झाकण आम्ही रोज बघत होतो. मी, तो मेकॅनिक, अख्खं गाव. आम्हाला कुणाला डोळे नव्हते? सगळं आपल्या एकट्याच्या डोक्यावर घेऊन बसायला तुम्हाला सांगितलं कुणी? आधी तो पाव खा!"

नर्स दारात येऊन हळू बोला, हळू बोला म्हणून हात हलवत होती. मी थांबले नाही. मला थांबता येत नव्हतं. भाऊंनी पाव हातात घेतला, तोंडाशी नेला आणि उपरण्यात तोंड खुपसून लहान मुलासारखे रडायला लागले. रडता रडता ते मान डोलावत होते, की हो, बाई, बोला, अजून बोला.

तेवढ्यात वरच्या खिडकीतून आवाज आला. अगदी बारीक, कोरडा पडलेला.

"आबा... बाई कोनवर कावी राह्यन्यात?"

मी बोलता बोलता थांबले. भाऊ भिंतीला धरून उठले. चहाचा पेला पायाने कलंडला, तो त्यांनी बघितलाही नाही.

"मन्हावर, माय, मन्हावर," म्हणत ते आत गेले.